गळ्यापर्यंत मातीत

नोव्हेंबर लागला की दक्षिण कोरियात हवामानाच्या बातम्यांमध्ये एक जादा नकाशा दिसू लागतो. पाऊस, वारा, धूळ हे सगळं सांगून झालं की निवेदक किमचीकडे वळतो: यंदा कुठल्या भागाने कुठल्या तारखेच्या सुमाराला हिवाळ्याची किमची घालावी. उत्तरेकडच्या डोंगराळ गांगवोन प्रांताचा मुहूर्त आधी, सोलचा नोव्हेंबरच्या अखेरीस, आणि दक्षिण टोकाच्या बुसानचा डिसेंबरात. मुहूर्त पंचांगातून येत नाही, थर्मामीटरमधून येतो. दिवसाचं सरासरी तापमान चार अंश सेल्सिअसच्या खाली आणि किमान तापमान शून्याखाली उतरून तिथेच टिकू लागलं, की घाला. आपल्याकडे एक पाऊस पडून गेल्याशिवाय कैरीच्या लोणच्याला हात न लावणारी घरं आहेत. त्यातलाच हा प्रकार, फक्त सगळ्या देशाने मिळून पाळलेला.

मुहूर्त चुकला तर मार दोन्ही बाजूंनी बसतो. लवकर घातली तर उबदार हवेत किमची पंधरवड्यातच आंबट ढाण होते आणि हिवाळा तर अजून पुढेच असतो. उशीर केला तर शेतातला कोबी उभ्याउभ्या गोठतो, आणि बर्फासारख्या पाण्यात कोबी धुणाऱ्या बायकांचे हातही.

किमची म्हणजे मीठ लावून आंबवलेली भाजी. तिचे प्रकार शेकड्यांनी मोजावे लागतात. काकडीची, मुळ्याची, पातीची, पाणीदार, बिनतिखटाची. हिवाळ्यासाठी घालतात ती मुख्यतः ‘बेचू’ची, म्हणजे आपल्या बाजारात चायनीज कोबी म्हणून मिळतो त्या लांबट, फिकट हिरव्या गड्ड्याची. गड्डे उभे चिरून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतात. सकाळपर्यंत पानं इतकी लवचीक होतात की दुमडली तरी मोडत नाहीत. मग ते दोन-तीनदा धुवून निथळत ठेवतात. मुळ्याच्या सळ्या, तिखट, लसूण, आलं, कांद्याची पात आणि खारवून मुरवलेला जवळा किंवा मासळी यांचं सारण एकेका पानाच्या पोटात भरायचं, आणि सगळ्यात बाहेरच्या पानाने गड्डा गुंडाळून बांधून टाकायचा.

एका गड्ड्याचं हे एवढं काम. कोरियन बाजारात कोबी, मुळा, लसूण मोजायला ‘जोप’ नावाचं माप आहे. एक जोप म्हणजे शंभर नग. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मोठ्या कुटुंबाला हिवाळ्यासाठी एक-दोन जोप कोबी लागला तर कुणाला नवल वाटत नसे. डिसेंबर ते मार्च ताजी भाजी मिळायची नाही. भात, सूप आणि किमची यांवरच दिवस काढायचे. किमचीला ‘हिवाळ्याचं अर्धं धान्य’ म्हणायचे ते उगाच नाही. कितीतरी कारखाने आणि कचेऱ्या नोव्हेंबरात कामगारांना किमचीसाठी वेगळा बोनस देत. उत्तर कोरियात तर याच मोसमाला ‘किमचीची लढाई’ म्हणतात. तिथे एकूण सगळ्याच कामांना लढाई म्हणायची पद्धत आहे, पण इथे शब्द फारसा चुकलेला नाही.

एवढं काम एका घराने उरकणं शक्य नसतं. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, असं गल्लीतल्या बायका आलटून पालटून एकमेकींकडे जातात. या श्रमांच्या देवघेवीला कोरियनमध्ये ‘पुमासी’ म्हणतात; आपल्या शेतकऱ्याला ‘सावड’ किंवा ‘इर्जिक’ म्हटलं की लगेच कळेल. काम संपलं की यजमानीणबाई डुकराचं मांस उकडते आणि ताज्या, अजून न आंबलेल्या किमचीबरोबर सगळ्यांना वाढते. या सगळ्या सोहळ्याचं नाव किमजांग. युनेस्कोने तो २०१३ साली दक्षिण कोरियाच्या नावे अमूर्त वारशाच्या यादीत घेतला आणि २०१५ साली उत्तर कोरियाची किमची घालण्याची परंपराही. जेवणाच्या बाबतीत तरी सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच वारसा दोनदा नोंदवावा लागला.

किमजांग या शब्दाचं मूळ ‘चिमजांग’ असावं असं मानतात: चिम म्हणजे बुडवणं, जांग म्हणजे साठवणं. पहिलं काम दोन दिवसांत उरकतं. दुसरं मार्च-एप्रिलपर्यंत चालतं, आणि खरी अक्कल तिथेच लागते.

साठवण्याचं भांडं म्हणजे ‘ओंग्गी’, गडद तपकिरी मातीचा पोटाळ रांजण. मातीत वाळूचे बारीक कण असतात, वरून राख आणि माती कालवून केलेला लेप देतात आणि हजार अंशांच्या वर भाजतात. भाजताना मातीतलं पाणी निघून जातं आणि भिंतीत डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात. या छिद्रांतून पाणी गळत नाही, वायू मात्र जातो-येतो. ‘ओंग्गी श्वास घेते’ असं कोरियन आज्या पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली ते मोजून पाहिलं. काचेच्या बंद बरणीत किमचीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड कोंडून राहतो. ओंग्गीच्या भिंतीतून तो हळूहळू झिरपून जातो, दाब कमी राहतो, आणि किमची मुरवणारे जिवाणू जास्त वेगाने वाढतात. आज्यांच्या म्हणण्यात एवढीच दुरुस्ती करावी लागेल की ओंग्गी श्वास घेते त्याहून जास्त सोडते.

रांजण भरायची रीत आपल्या लोणच्याच्या बरणीला फार दूरची नाही. गड्डे दाबून बसवायचे, मध्ये हवा राहू द्यायची नाही. वरती खूप मीठ लावलेली, एरवी टाकून दिली असती अशी बाहेरची जाड पानं थरावर थर पसरायची. या पानांना ‘उगोजी’ म्हणतात. त्यांच्यावर स्वच्छ धुतलेला जड दगड. खारं पाणी वर चढून सगळं बुडलं पाहिजे. जे पाण्याबाहेर राहील त्यावर पांढरी साय धरते. आपण लोणच्यावर तेलाचा थर उभा करतो, कोरियन बाई खाऱ्या पाण्याचा. तोंडाला आपल्या दादऱ्यासारखं कापड आणि वर झाकण.

इथवर सगळं अंगणात मांडून ठेवता आलं असतं. जुन्या पद्धतीच्या कोरियन घराच्या मागे ‘जांगदोकदे’ नावाचा दगडी ओटा असतोच. सोयाबीनच्या खाऱ्या पेस्टचे, सॉसचे, तिखटाच्या चटणीचे रांजण बाराही महिने तिथे ऊन खात उभे असतात. मग हिवाळी किमचीचेच रांजण खड्डा खणून गळ्यापर्यंत मातीत का पुरायचे? बाहेर थंडी काय कमी आहे?

कमी नाहीच. सोलच्या जानेवारीचं सरासरी तापमान शून्याखाली दोन अंशांच्या आसपास असतं, आणि १९२७ सालच्या ३१ डिसेंबरला तिथे पारा शून्याखाली २३.१ अंशांवर गेल्याची नोंद आहे. पण त्या थंडीचा भरवसा नाही. सायबेरियावरून थंड हवेचा लोंढा येतो, तीन-चार दिवस सगळं कडक गोठतं. लोंढा ओसरला की दुपारी ओट्यावरचं बर्फ पाघळायला लागतं. तेवढ्यात पुढचा लोंढा. कोरियन लोक याला ‘सामहान साओन’ म्हणतात: तीन दिवस गार, चार दिवस ऊबदार. आठवड्याचं गणित दरवेळी इतकं चोख जमत नाही, पण हेलकावा खरा आहे.

किमचीचं वाटोळं करतो तो हा हेलकावा. त्यासाठी आत काय चाललेलं असतं ते पाहावं लागेल.

तयार किमचीत मीठ साधारण दोन-तीन टक्के असतं. एवढ्या मिठामुळे बरेचसे नको असलेले जिवाणू मागे पडतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. त्यांच्यातही पाळ्या असतात. थंडीत पुढे येतात ती ल्युकोनोस्टॉक आणि वाइसेला या घराण्यातली मंडळी. ती भाजीतली साखर खाऊन नुसतं आम्ल करत नाहीत; सोबत कार्बन डायऑक्साइड, थोडं अल्कोहोल किंवा थोडं व्हिनेगरचं आम्ल, आणि मॅनिटॉल नावाची गोडसर, जिभेला गार लागणारी शर्करा तयार करतात. चांगल्या हिवाळी किमचीचा रस सोड्यासारखा जिभेवर चुरचुरतो तो त्या वायूमुळे, आणि थंड पाण्यात वायू जास्त विरघळत असल्याने पुरलेल्या रांजणातली किमची फ्रीजबाहेर राहिलेल्या किमचीपेक्षा जास्त चुरचुरते. ऊब वाढली की लॅक्टोबॅसिलस घराण्यातले चिवट भाऊबंद पुढे येतात. ते आम्ल सोसतात, आणखी आम्ल करतात, आणि कोबी मऊ पडून नुसता आंबट उरतो.

वेगातला फरक मोठा आहे. वीस अंशांच्या खोलीत किमची दोन-तीन दिवसांत खायला तयार होते आणि पुढच्या काही दिवसांत हाताबाहेर जाते. पाच अंशांना तिला दोन-तीन आठवडे लागतात. शून्याच्या आसपास महिनोन्‌महिने. चवीचा उत्तम बिंदू सामू ४.२ च्या जवळपास असतो असं अन्नशास्त्रज्ञ सांगतात. तिथवर पोचायचं आणि मग जमेल तितका काळ तिथेच रेंगाळायचं, हा सगळा खेळ.

मग गोठवूनच टाकावी म्हणाल, तर तेही जमत नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. कोबीच्या पेशीत बर्फाचे स्फटिक झाले की पेशींच्या भिंती फाटतात, आणि वितळल्यावर करकरीत पानाच्या जागी ओला बोळा उरतो. एकदा गोठून पुन्हा गोठली तर विचारूच नका. रांजण तडकतो तो वेगळा, आणि तडकलेल्या रांजणातून खारं पाणी निथळून गेलं की आतल्या किमचीचा वाली कुणी नाही. मीठ थोडी उसंत देतं: शुद्ध पाणी शून्याला गोठतं, किमची आणखी एक-दोन अंश खाली गेल्यावर. म्हणजे किमचीला मनाजोगती जागा आहे ती उणे एक-दोन ते अधिक पाच अंशांच्या चिंचोळ्या पट्ट्यात. सोलच्या अंगणातली हवा हा पट्टा एका आठवड्यात दोनदा ओलांडते.

माती तो ओलांडत नाही. खेड्यातल्या विहिरीचं पाणी पौषात पहाटे कोमट लागतं आणि वैशाखात गार. मूळ कारण तेच. मातीला तापायला आणि निवायला वेळ लागतो. दिवस-रात्रीचा फरक पहिल्या हात-दीड हातातच विरून जातो, आठवड्याच्या थंडीच्या लाटा खाली पोचेपर्यंत मलूल होतात. खोलवर शिल्लक राहतो तो फक्त ऋतूंचा संथ चढ-उतार, तोही उशिराने पोचलेला. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे, तेव्हा त्या शेतकऱ्यांनाही मातीचा हाच स्वभाव उपयोगी पडला. त्यांची चिंता ओल, हवा आणि किडीची, कोरियन बाईची गोठण्याची.

आणि मातीचा संथपणा किमचीच्या पथ्यावर पडतो तो आणखी एका तऱ्हेने. मध्य कोरियात फूटभर खोलीवर नोव्हेंबरच्या शेवटी तापमान साधारण पाच अंश असतं, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी ते शून्याच्या आसपास रेंगाळतं. म्हणजे किमची पुरली त्या पहिल्या आठवड्यांत आंबायला लागेल इतकी ऊब, आणि चव जुळून आली की गाडी जिथे आहे तिथे थांबवणारी थंडी. ही मांडणी कुणी कागदावर आखलेली नव्हती. नोव्हेंबरअखेरचा मुहूर्त पाळला की ती आपोआप हाती लागायची. म्हणूनच त्या मुहूर्ताला इतका मान.

खड्ड्याचा एकच दुबळा भाग होता, तो म्हणजे वरचा. गळा जमिनीच्या पातळीवर येतो, तिथे हवा थेट लागते. म्हणून रांजणाभोवती आणि झाकणावर भाताचा पेंढा रचायचा. जिथे थंडी जास्त तिथे वर पेंढ्याची छोटी खोपच उभारायची. बर्फ पडलं तर चांगलंच, कारण भुसभुशीत बर्फ गोधडीसारखं काम करतं. एकोणिसाव्या शतकात जोंग हाक-यू या विद्वानाने शेतकऱ्यांसाठी महिन्यामहिन्याच्या कामांचं एक लांबलचक गीत रचलं. त्यातल्या दहाव्या महिन्यात किमचीच्या साहित्याची यादी आहे आणि लगोलग आडोसा उभारून, रांजण पेंढ्यात गुंडाळून, खोल पुरण्याचा सल्लाही.

सगळे रांजण सारखे भरत नसत. डिसेंबरात संपवायच्या रांजणात मीठ कमी, फेब्रुवारी-मार्चसाठी ठेवलेल्यात जास्त. उघडलेल्या रांजणातून गड्डा काढला की बाकीचे हाताने दाबून पुन्हा पाण्याखाली घालायचे, वर उगोजी आणि दगड परत. सकाळी बर्फ बाजूला सारून, झाकण उचलून, कोपरापर्यंत हात आत घालणं हे घरातल्या धाकट्या सुनेचं काम. किमचीच्या आठवणी रम्य असतात त्या बहुतेक खाणाऱ्यांच्या.

थंडी जितकी खात्रीची, तितकं मीठ कमी लागतं. याचा ठसा कोरियाच्या नकाशावरच उमटला आहे. उत्तरेकडची, प्योंगयांगच्या बाजूची किमची सौम्य: मीठ कमी, तिखट कमी, रस भरपूर. दक्षिणेच्या जोल्ला प्रांतात हिवाळा मवाळ, म्हणून तिथे मीठ, तिखट आणि खारवलेली मासळी सगळं सढळ हाताने. रांजणांचे आकारसुद्धा बदलतात. उत्तरेकडचे उभट आणि रुंद तोंडाचे, दक्षिणेकडचे फुगीर पोटाचे आणि लहान तोंडाचे, तिथल्या जास्त उन्हाला तोंड कमी मिळावं म्हणून, असं त्याचं कारण सांगतात.

उत्तरेचं सगळ्यात सुंदर अपत्य म्हणजे ‘दोंगचिमी’: मुळा आणि भरपूर खारं पाणी, तिखटपूड नाही. नावातला ‘दोंग’ म्हणजेच हिवाळा. हिच्या रसावर बर्फाची पातळ पापडी धरली तर ती बिघडली असं कुणी म्हणत नाही, उलट वाटीत तोच तुकडा कुणाच्या वाट्याला येतो ते पाहतात. प्योंगयांगच्या प्रसिद्ध गार शेवया, नेंगम्योन, मुळात याच रसात कालवून भर हिवाळ्यात, खालून तापवलेल्या जमिनीवर बसून खायच्या. आज त्या उन्हाळ्यात खातात, आणि जुनी माणसं नाक मुरडतात.

हे सगळं किती जुनं? गोर्यो राजवटीतल्या यी ग्यू-बो या कवीने, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकात, आपल्या परसातल्या मुळ्याबद्दल लिहिलं आहे: उन्हाळ्यासाठी सोयामध्ये, हिवाळ्यासाठी मिठात. चुंगचोंग प्रांतातल्या बोप्जूसा या बौद्ध मठात जमिनीत पुरलेला एक प्रचंड दगडी रांजण आहे. तो आठव्या शतकातला असून मठातल्या तीन हजार भिक्षूंची किमची त्यात मुरायची, असं परंपरा सांगते. तीन हजारांचा आकडा भक्तांनी थोडा फुगवला असेल, रांजण मात्र माणसापेक्षा उंच आहे.

तिखट या गोष्टीत बरंच उशिरा आलं. गोव्याच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरलेली मिरची त्यांच्याच व्यापाराच्या वाटेने जपानपर्यंत गेली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोरियात पोचली, असं सर्वसाधारणपणे मानतात. घट्ट, जड, पानात पान दडलेला बेचू तर त्याहून अलीकडचा. जपानमध्ये जन्मलेले आणि वाढलेले वनस्पतिशास्त्रज्ञ ऊ जांग-चुन १९५० साली वडिलांच्या देशात आले आणि कोबी-मुळ्याचं चांगलं बियाणं कोरियातच तयार व्हावं म्हणून झटले. ‘हजारो वर्षांची’ म्हणून आज ज्या लालभडक गड्ड्याचं चित्र छापतात, त्यातला लाल रंग आणि गड्डा दोन्ही उपरे. मीठ, माती आणि थंडी एवढीच जुनी.

मग माती गेली.

१९६० साली सोलची लोकसंख्या पंचवीस लाखांच्या आत होती, १९९० पर्यंत ती एक कोटीच्या पुढे गेली. हान नदीच्या दक्षिणेला, जिथे काल-परवापर्यंत भातखाचरं होती, तिथे सत्तरच्या दशकात बान्पो, जाम्सिल, आप्गुजोंगच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. खालून गरम होणारी जमीन, नळाला गरम पाणी, सगळं होतं. खड्डा कुठे खणायचा हे मात्र नकाशा काढणाऱ्यांना सुचलं नव्हतं. पहिल्या काही हिवाळ्यांत खालच्या मजल्यांवरच्या बायकांनी इमारतीच्या फुलांच्या वाफ्यांत रांजण पुरले. बाराव्या मजल्यावरच्यांनी ते बाल्कनीत मांडले.

बाल्कनी म्हणजे ओट्यापेक्षा वाईट जागा. खालून, वरून, तिन्ही बाजूंनी वारं. दुपारी काचेतून ऊन. आणि पाठीमागच्या भिंतीतून घराची ऊब. लोकांनी रांजणांना जुन्या रजया गुंडाळल्या, थर्मोकोलच्या पेट्यांत बसवलं, रात्री आत आणि सकाळी बाहेर ओढलं. मिनेसोटा किंवा टोरंटोमध्ये घरामागे किमची ठेवणाऱ्या कोरियनांना आजही हेच करावं लागतं, आणि जे त्यांना जमतं ते मातीचीच नक्कल करून: डबा सावलीत, उत्तरेच्या भिंतीला; भोवती हातभर जाडीचं काहीतरी, पेंढा, सुकी पानं, थर्मोकोल; काचेची बरणी असेल तर गळ्याशी चार बोटं रिकामी, आणि शक्यतो काच नकोच, कारण गोठणाऱ्या पाण्यापुढे आणि कोंडलेल्या वायूपुढे तीच आधी हार मानते. एक साधा थर्मामीटर पेटीत टाकला की कळतं, बाहेर उणे दहा असताना आत उणे एक आहे की उणे सहा. उणे सहा असेल तर त्या रात्रीपुरती किमची घरात घ्यायची. पुण्याच्या हिवाळ्यात मात्र हा प्रयोग करण्यात अर्थ नाही. डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारावर येतो खरा, पण दुपारी तो अठ्ठावीस-तीसवर असतो. चाकण-तळेगावच्या कारखान्यांसाठी आलेल्या कोरियन कुटुंबांची किमची फ्रीजमध्येच राहते.

साधा फ्रीजही पुरेसा नव्हता. त्याचं दार दिवसातून चाळीस वेळा उघडतं, दर वेळी गार हवा पायाशी सांडते, आतला पंखा भाजी सुकवतो, आणि दुधाला लसणाचा वास लागतो. १९८४ साली गोल्डस्टार कंपनीने फक्त किमचीसाठी एक फ्रीज काढून पाहिला. तो फारसा खपला नाही. अंगण असलेल्यांची संख्या अजून बरी होती. गोल्डस्टारचं नाव पुढे एलजी झालं. तिचा एक कारखाना आपल्या रांजणगावला आहे, हा निव्वळ योगायोग, पण मजेशीर.

दहा वर्षांत शहर बदललं. १९९५ च्या नोव्हेंबरात, अगदी किमजांगच्या तोंडावर, मान्दो या गाड्यांचे एअरकंडिशनर बनवणाऱ्या कंपनीने ‘दिमचे’ नावाचा किमची-फ्रीज बाजारात आणला. दिमचे हा किमचीचाच जुना उच्चार. या पेटीचं दार वर उघडत होतं, रांजणाच्या झाकणासारखं. त्यामुळे जड गार हवा तळाशीच बसून राहायची. पंख्याने हवा खेळवण्याऐवजी पेटीच्या भिंतीच गार केल्या जात, जशी चारी बाजूंनी माती. आणि तिला दोन चाली होत्या: आधी थोड्या उबेत किमची मुरवायची, मग शून्याच्या किंचित खाली नेऊन जवळपास न हलता तिथेच धरून ठेवायची. नोव्हेंबरअखेरचे पाच अंश आणि जानेवारीतलं शून्य, हा खड्ड्याचा सगळा हिवाळा त्या पेटीत उतरवला होता. पुढच्या काही वर्षांत सॅमसंग आणि एलजीही मैदानात आले, आणि सोलच्या लग्नाच्या खरेदीत साध्या फ्रीजशेजारी दुसरा फ्रीज जाऊन बसला.

गंमत म्हणजे यंत्र घरोघर पोचेपर्यंत किमजांगच आटला. आज बऱ्याच घरांत मीठ लावून धुतलेला कोबी खोक्यातून मागवतात, काही घरं तयार किमची विकत घेतात, आणि शंभराऐवजी दहा-वीस गड्डे पुरतात. किमची-फ्रीजच्या नव्या मॉडेलांना मांस, फळं, तांदूळ, वाइन यांच्यासाठी वेगळी बटणं आली आहेत. ज्या बाल्कनीत रांजण कुडकुडले तिथे आता काही रांजणांत झाडं लावली आहेत. गोठण्याची भीती गेली, आणि तिच्याबरोबर शेजारणींना हाक मारायचं एक कारणही.

खेड्यांत, मठांत आणि काही हॉटेलांच्या मागच्या अंगणांत खड्डे अजून आहेत. मार्च सरला की जमिनीत ऊब उतरू लागते आणि तळाची किमची चरचरीत आंबट होते. तिला आता कुणी कच्ची खात नाही. डुकराच्या मांसाबरोबर, टोफूबरोबर तिचा लालभडक रस्सा शिजतो, आणि काही घरांत मुद्दाम वर्षभर ठेवलेली ‘मुगुन्जी’ म्हणून तिला वेगळा भाव मिळतो. रिकामा रांजण खणून बाहेर काढतात, पाण्याने भरून काही दिवस तसाच ठेवतात, पाणी बदलतात, मग उन्हात पालथा घालतात. लसणाचा आणि जवळ्याचा वास तरी मातीतून निघत नाही, म्हणून त्या रांजणात पुन्हा सोया सॉस भरत नाहीत. नोव्हेंबरपर्यंत तो तसाच ओट्याच्या कडेला पालथा पडून राहतो.